कॉपी कुणाची, चूक कुणाची आणि दाद कुठे मागायची?

२१ फेब्रुवारी २०२३. बारावीचा पहिलाच पेपर, इंग्रजीचा. त्या दिवशी दोन घटना घडल्या आणि संध्याकाळच्या गप्पांत दोन्हींची मोट 'बोर्डाचा घोळ' म्हणून बांधली गेली. परभणी जिल्ह्यात सोनपेठला पेपर परीक्षा केंद्राबाहेर गेल्याचं प्रकरण उघडकीला आलं आणि त्यात गुन्हा नोंदला गेला तो विद्यार्थ्यांवर नव्हे, शिक्षकांवर. दुसरीकडे राज्यभरच्या प्रश्नपत्रिकेत, कवितेच्या विभागात, काही ठिकाणी प्रश्नाऐवजी तपासनिसांसाठीचा मजकूरच छापून आला होता. पहिला प्रकार गुन्ह्याचा, दुसरा निव्वळ निष्काळजीपणाचा. पहिल्यात पोलिस येतात, दुसऱ्यात विषयतज्ज्ञ आणि मुख्य नियामकांची बैठक बसते. पालकांना आणि पोरांना हा फरक कुणी सांगत नाही. म्हणून गुन्ह्याची तक्रार मुख्याध्यापकांकडे जाते, छपाईच्या चुकीची तक्रार आमदारांकडे जाते, आणि दाद मागायची मुदत तेवढ्यात निघून जाते.

'पेपर व्हॉट्सअॅपवर आला म्हणजे फुटलाच, आता फेरपरीक्षा'

यात मुख्य प्रश्न घड्याळाचा असतो. परीक्षा सुरू होण्याआधी पेपर बाहेर आला तर ती पेपरफुटी. अकरा वाजता पोरं वर्गात बसल्यावर कुणी फोटो काढून बाहेर पाठवला, तर मंडळ त्याला पेपरफुटी म्हणत नाही, गैरप्रकार म्हणतं. मंडळाचा युक्तिवाद साधा आहे: परीक्षार्थी आत, मोबाइल बाहेर, मग पेपर आधी वाचून फायदा कुणाचा झाला?

हा युक्तिवाद नियमाला धरून आहे, पण अर्धाच आहे. बाहेर गेलेला पेपर तिथेच राहत नाही. तो उत्तरं होऊन परत येतो. कधी खिडकीतून, कधी पाणी वाटणाऱ्याच्या हातून, कधी झेरॉक्सच्या बारीक केलेल्या कागदावर. गावाकडच्या केंद्रांवर शाळेमागच्या भिंतीला मार्चमध्ये गर्दी असते ती याचसाठी. पूर्वी पेपर दहा मिनिटं आधी वाचायला मिळायचा. त्या दहा मिनिटांचा गैरवापर होतो म्हणून २०२३ पासून ती सवलत बंद झाली आणि शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली गेली. म्हणजे घड्याळाचं महत्त्व मंडळालाही ठाऊक आहे.

त्याच वर्षी ३ मार्चला बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा भागात बारावीच्या गणिताच्या पेपरची पानं मोबाइलवर फिरली. तिथेही अटक झालेल्यांत शिक्षक होते. तरी राज्यभर गणिताची फेरपरीक्षा झाली नाही. का? तर एका केंद्रावरच्या गुन्ह्यासाठी लाखो पोरांना पुन्हा बसवायचं की नाही, हे त्या गुन्ह्याचा फैलाव किती, यावर ठरतं.

हाच निकष सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' २०२४ च्या वेळी स्पष्टपणे लावला. ५ मेची परीक्षा, सुमारे २४ लाख परीक्षार्थी. हजारीबाग आणि पाटण्यात पेपर फुटला हे न्यायालयाने मान्य केलं, पण २३ जुलैला संपूर्ण परीक्षा रद्द करायला नकार दिला; गळती देशभर पसरल्याचा आणि दोषींना बाकीच्यांपासून वेगळं काढता येत नसल्याचा पुरावा समोर नव्हता. त्या वेळी चौकशीचे धागे आपल्या परभणीशेजारच्या लातूरपर्यंत आले होते, म्हणून परभणीतल्या क्लासेसच्या गल्ल्यांत 'री-नीट होणारच' असं छातीठोकपणे सांगणारे खूप होते. आणि याच्या अगदी उलटं उदाहरण त्याच जूनमधलं: १८ जूनला झालेली यूजीसी-नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. नंतर सीबीआयच्या तपासात दिसलं, की ज्या स्क्रीनशॉटमुळे परीक्षा रद्द झाली तोच बनावट होता. परीक्षेनंतरचा फोटो आधीचा भासवला होता. फॉरवर्ड करणाऱ्यांनी या एका गोष्टीचा विचार केला तरी पुष्कळ झालं.

'कॉपी पोरं करतात. मोठ्यांचा काय संबंध?'

प्रश्नपत्रिकेचा प्रवास पाहिला की हा समज गळून पडतो. बोर्डाची पाकिटं तालुक्याच्या परिरक्षण केंद्रात बंदोबस्तात असतात. तिथून ती केंद्रावर नेतो सहायक परिरक्षक, ज्याला सगळे 'रनर' म्हणतात. त्याने जीपीएस चालू ठेवायचं आणि पाकिटं घेताना-देताना मोबाइलवर चित्रीकरण करायचं असा नियम आहे. केंद्रावर पाकीट केंद्र संचालकाच्या ताब्यात येतं. पंचवीस-पंचवीस प्रश्नपत्रिकांची छोटी सीलबंद पाकिटं थेट परीक्षा दालनात जातात, पोरांसमोर फोडली जातात, आणि पाकीट सीलबंद होतं म्हणून दोन परीक्षार्थींच्या सह्या घेतल्या जातात.

या साखळीत सोळा-सतरा वर्षांच्या पोराचा हात कुठे लागतो? शेवटच्या सहीला. पेपर बाहेर गेला तर तो अधिकृत ताबा असलेल्या मोठ्या माणसाकडूनच जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि सोनपेठ काय, सिंदखेडराजा काय, नाव घेतलं गेलं ते मोठ्यांचंच. आपल्याकडे मात्र भरारी पथक मोजे आणि कंपास तपासतं, दुसऱ्या दिवशी 'इतके विद्यार्थी रस्टिकेट' अशी बातमी येते आणि मोहीम फत्ते झाली असं समजलं जातं. मला हे नेहमीच उलटं वाटत आलंय. मोज्यातली चिठ्ठी एका पोराची. ती लिहू देणारं वातावरण अख्ख्या केंद्राचं.

नांदेडला २०१० च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम राबवली तिची दखल राज्यभर घेतली गेली, कारण ती वर्गातल्या झडतीवर थांबली नाही. महसूल, पोलिस, शिक्षण अशी सगळी खाती कामाला लागली. अलीकडे मंडळानेही ज्या केंद्रांवर आधी गैरप्रकार सापडले तिथे पर्यवेक्षक आणि केंद्र संचालक दुसऱ्या शाळेचे नेमायचं धोरण घेतलं. मुख्याध्यापकांच्या संघटनांनी कुरकुर केली. करणारच. आपल्याच शाळेच्या निकालावर आपणच पहारा ठेवायचा ही सोय कोण सोडेल?

'नवा कायदा आलाय, कॉपी केली की दहा वर्षं आत'

नाही. इथे तीन कायदे एकमेकांत मिसळले जातात.

पहिला महाराष्ट्राचा, १९८२ चा, विद्यापीठ, मंडळ आणि इतर विनिर्दिष्ट परीक्षांतले गैरप्रकार रोखणारा. बोर्डाच्या आणि विद्यापीठाच्या परीक्षांना तो लागू आहे. २०२५ च्या परीक्षेआधी राज्य सरकारने जाहीर केलं, की कॉपीला मदत करणाऱ्यांवर याच कायद्याखाली दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हे नोंदवले जातील.

दुसरा केंद्राचा, २०२४ चा, २१ जून २०२४ पासून अंमलात. तीन ते पाच वर्षं कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. संघटित टोळी असेल तर पाच ते दहा वर्षं आणि किमान एक कोटीचा दंड. 'दहा वर्षां'ची आवई इथूनच उठली. पण तो यूपीएससी, एसएससी, रेल्वे, बँक भरती, एनटीए अशा केंद्रीय परीक्षांसाठी आहे. यातलं 'एसएससी' म्हणजे स्टाफ सिलेक्शन, आपली दहावी नव्हे. या एका आद्याक्षरसाम्याने किती घरांत धसका भरला असेल! शिवाय कायदा आणताना सरकारचा खुलासा स्पष्ट होता: रोख पेपर फोडणारे, विकणारे आणि यंत्रणेशी छेडछाड करणाऱ्यांवर आहे. प्रामाणिकपणे परीक्षा देणाऱ्याने घाबरायचं कारण नाही, आणि परीक्षार्थींचं वर्तन संबंधित परीक्षा संस्थेच्या नियमांखालीच येतं.

तिसरं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम १६३, म्हणजे जुनं १४४. केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं बंद असतात ती या आदेशामुळे. तो जमावबंदीचा आदेश आहे, कॉपीची शिक्षा नव्हे.

मग चिठ्ठीसह सापडलेल्या पोराचं काय होतं? केंद्रावर जबाब घेतला जातो, साहित्य जप्त होतं आणि प्रकरण विभागीय मंडळाकडे जातं. परभणीचं विभागीय मंडळ छत्रपती संभाजीनगरचं, लातूरचं नव्हे. हाही गोंधळ नेहमीचा. चौकशीत दोषी ठरला तर शिक्षासूचीप्रमाणे त्या परीक्षेची संपादणूक रद्द होते, प्रकार गंभीर असेल तर पुढच्या परीक्षांनाही प्रतिबंध येतो. पथकाने वर्गात 'रस्टिकेट' म्हटलं म्हणजे निकाल लागला असं नसतं. चौकशीत बाजू मांडायची संधी मिळते. पोर शरमेने किंवा भीतीने तिथे जातच नाही, आणि मग एकतर्फी निर्णय होतो. पालकांनी सोबत जावं.

पदवीच्या पोरांसाठी नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. तिथे २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली शिस्तपालन समिती असते आणि ती फक्त विद्यार्थ्यांच्या गैरप्रकारांसाठी नाही. पेपर काढणारे, तपासणारे, परीक्षेचं काम करणारे यांच्या चुकांची चौकशीही त्याच समितीच्या कक्षेत येते. हे बहुतेक महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर कधी लिहिलेलं नसतं.

'२०० पैकी २१४? उघड घोटाळा!'

२०२३ च्या तलाठी भरतीचा हा गाजलेला आकडा. जानेवारी २०२४ मध्ये यादी लागली आणि अभ्यासिकांतून संतापाची लाट उसळली. त्या परीक्षेला दहा लाखांहून जास्त अर्ज, म्हणून ती १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबरदरम्यान ५७ सत्रांत झाली. सत्रागणिक पेपर वेगळा. एकाला सोपा, एकाला अवघड. हा फरक मिटवायला सामान्यीकरण, म्हणजे नॉर्मलायझेशन करतात: तुमच्या सत्रातल्या मुलांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात, ते पाहून गुण एका समान पट्टीवर आणायचे. अवघड सत्रात कुणी मुळातच १९५-१९८ च्या घरात गेला, तर समान पट्टीवर त्याचा आकडा दोनशेच्या वर जाऊ शकतो. गणिताने त्यात गैर काही नाही.

म्हणजे संशय खुळा होता का? तसंही नाही. याच परीक्षेत पहिल्याच दिवशी नाशिकला एकजण वॉकीटॉकी, टॅब आणि कानातल्या यंत्रासह पकडला गेला. २१ ऑगस्टला सर्व्हर बंद पडून सकाळचं सत्र राज्यभर लांबलं. गंगाखेड-पालमकडून पहाटेची एसटी धरून लांबच्या केंद्रावर गेलेली पोरं दरवाज्याबाहेर ताटकळत असताना त्यांना कारण सांगायलाही कुणी नव्हतं. अशा अनुभवानंतर २१४ चा आकडा खुलाशाआधी येऊन आदळला, तर माणूस घोटाळाच म्हणणार. आकडा बरोबर होता, तो समजावून सांगायला यंत्रणा उशिरा जागी झाली.

'ऑनलाइन आणि ओएमआर आले की हेराफेरी संपली'

टीईटीने हा भ्रम पुरता फोडला. १९ जानेवारी २०२० ची शिक्षक पात्रता परीक्षा. घोटाळा कळला तो मात्र दोन वर्षांनी आणि भलत्याच वाटेने: १२ डिसेंबर २०२१ ची म्हाडा भरती परीक्षा पेपरफुटीच्या संशयावरून ऐन वेळी थांबवली गेली, पुणे सायबर पोलिसांनी परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या संचालकाला पकडलं, आणि त्याच्याकडच्या झडतीतून टीईटीचे कागद निघाले. पाठोपाठ राज्य परीक्षा परिषदेचे तत्कालीन आयुक्तच अटकेत गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये परिषदेने ७,८७४ उमेदवारांची यादी काढून त्यांची संपादणूक रद्द केली. गुण वर्गात वाढले नव्हते, कॉपीही झाली नव्हती. पर्यवेक्षकाने डोळ्यात तेल घालून पहारा दिला असता तरी काही हाती लागलं नसतं, कारण हेराफेरी पेपर जमा झाल्यानंतरची होती.

आता टीईटीचं महत्त्व आणखी वाढलंय. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती उत्तीर्ण होणं बंधनकारक केलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत वीस वर्षं शिकवणारे गुरुजी आता उमेदवार म्हणून रांगेत उभे राहणार. त्यांनी निदान आपल्या उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत आणि प्रवेशपत्र जपून ठेवावं. पुढे निकालावर वाद झाला तर हातात असलेला पुरावा तोच.

'बोर्ड चुकलं तरी आपण काय करणार?'

बरंच काही, पण मुदतीत. इंग्रजीच्या त्या चुकीच्या छपाईत मंडळाने सहा गुण दिले, पण सरसकट नाही: ज्यांनी त्या विभागातलं काहीतरी सोडवलं होतं किंवा निदान प्रश्नक्रमांक लिहिला होता, त्यांना. पान कोरं सोडणाऱ्यांचं नुकसान झालं. पेपरात चूक दिसली तर क्रमांक टाकून जमेल ते लिहावं, आणि पर्यवेक्षकाला तिथेच सांगावं. पेपर उशिरा मिळाला, बैठक क्रमांक चुकला, तर त्याच दिवशी केंद्र संचालकाकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीचा माग कुठेच राहत नाही. 'नीट' २०२४ मध्ये वेळ वाया गेला म्हणून १,५६३ जणांना वाढीव गुण दिले गेले, पुढे ते काढून २३ जूनला फेरपरीक्षेची मुभा दिली गेली आणि ८१३ जण बसले. भरपाई मिळते, पण कोणत्या रूपात मिळेल ते आपल्या हाती नसतं.

निकालानंतरच्या पायऱ्याही वेगवेगळ्या आहेत. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच पाहतात. उत्तर पुन्हा तपासत नाहीत. पन्नास रुपये भरून 'मार्क वाढले नाहीत' म्हणणारे इथेच फसतात. उत्तर नव्याने तपासून हवं असेल तर पुनर्मूल्यांकन, आणि त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावीच लागते. अलीकडच्या वर्षांत छायाप्रतीला विषयामागे ४०० आणि पुनर्मूल्यांकनाला ३०० रुपये आहेत. छायाप्रत मागणं ही मेहेरबानी नव्हे. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकारातली 'माहिती' आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईच्या प्रकरणात ऑगस्ट २०११ मध्येच ठरवून दिलंय. प्रत हाती पडली की विषयशिक्षकांकडून ती तपासून घ्यावी, त्यांचा शेरा घ्यावा आणि कामकाजाच्या पाच दिवसांच्या आत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा.