रापा नुईवर गाइडचा दिवस

सकाळचे साडेसहा. मार्चमध्ये इथे सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो, त्यामुळे हांगा रोआ गावात अजून मिट्ट काळोख. आमची गाइड मात्र व्हॅन घेऊन दारात हजर. ती रापानुई, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी, आणि इथेच वाढलेली. चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरवरचं हे बेट बाहेरच्यांना ईस्टर आयलंड म्हणून माहीत आहे. 1722 साली ईस्टरच्याच रविवारी एक डच दर्यावर्दी इथे पोचला होता.

सव्वासात. आहू टोंगारिकी. परवाने तपासून आत सोडतात. समुद्राकडे पाठ करून 15 मोआई एका ओळीत उभे आहेत. 1960 च्या त्सुनामीने हे प्रचंड पुतळे आत जमिनीवर फेकून दिले होते. नव्वदच्या दशकात जपानहून आलेल्या क्रेनने ते पुन्हा उभे केले. फोटोच्या नादात एकजण दगडी चौथऱ्याजवळ सरकतो. ती शांतपणे म्हणते, “त्यावर पाय नको, दादा. खाली आमची माणसं आहेत.” आहू म्हणजे नुसता चौथरा नाही, तिथे दफनं झालेली आहेत.

दहा. रानो राराकू. इथे मी दिवसभर बसून राहिलो असतो. ज्वालामुखीच्या उतारावर जवळजवळ 400 मोआई आहेत. काही पुरे झालेले, काही अर्धे, काही अजून कातळालाच चिकटलेले. राख दाबली जाऊन झालेला हा खडक बसाल्टच्या हत्यारांनी कोरत. सगळ्यात मोठा मोआई सुमारे 21 मीटरचा, तो कधी उठलाच नाही. उतारावर नुसती डोकी दिसतात, पण मातीखाली अख्खी धडं आहेत. ती सांगत असते आणि तिचा हात नकळत कोरणाऱ्यासारखा हलतो.

एक. अनाकेनाच्या वाळूवर ट्यूना भरलेले एम्पानादा खाता खाता ती इतिहासाकडे वळते. 1862 मध्ये पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी शेकडो माणसं पळवली. मागून देवीची साथ आली. 1877 मध्ये बेटावर 111 रापानुई उरले होते. पुढे चिलीने बेट ताब्यात घेतलं, एका कंपनीने ते मेंढ्यांचं कुरण केलं आणि माणसांना हांगा रोआच्या कुंपणात कोंडलं. सकाळपासून आम्ही ज्या रस्त्यांवरून फिरलो, तिथे तिच्या आजोबांना परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं.

चार. ओरोंगो. कड्यावर वारा उभं राहू देत नाही. खाली समुद्रात मोटू नुई हे छोटं बेट. हंगामातलं पक्ष्याचं पहिलं अंडं कोण आणतो, या स्पर्धेत पूर्वी तरुण या कड्यावरून उतरून तिथवर पोहत जात. इथला होआ हाकानानाइआ हा मोआई 1868 मध्ये ब्रिटिश जहाजाने नेला. तो आजही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. 2018 मध्ये बेटावरची माणसं तो परत मागायला तिथे गेली होती. तो परत यायला हवा, यात मला शंका नाही.

साडेआठ. ताहाईला सूर्य बुडतो. गटातल्या काहींचं उद्याच विमान, म्हणून सगळं एका दिवसात बसवावं लागलं. तिला ते रुचलेलं नाही, आणि तिचंच बरोबर आहे.

2017 पासून इथलं राष्ट्रीय उद्यान रापानुई लोकच सांभाळतात. परवाना दहा दिवस चालतो, पण रानो राराकू आणि ओरोंगो त्यावर एकदाच पाहता येतात. या दोन जागांना दोन वेगळे दिवस ठेवा.