आठ चॅनल, एक घूंऽऽ

फायनल इयर प्रोजेक्टच्या फॉर्मवर आम्ही तिघांनी ‘आठ चॅनलचा लाइन अ‍ॅम्प्लिफायर’ लिहिलं. गाइड सरांनी चष्मा वर करून विचारलं, “यात आयओटी कुठे आहे?” नव्हतंच. अ‍ॅप नाही, क्लाउड नाही. आठ आयसी, मूठभर रेझिस्टर, एक ट्रान्सफॉर्मर. अर्धा वर्ग झाडांना आपोआप पाणी घालत होता आणि आम्ही सत्तरच्या दशकातलं सर्किट जोडायला निघालो होतो. सरांनी सही केली, पण “व्हायवाला माझ्याकडे बघू नका,” असंही बजावलं.

खरं कारण प्रोजेक्ट नव्हतंच. आमचा बँड आहे. चार गाणी रेकॉर्ड होऊन पडली होती आणि जूनमध्ये गिटारवाला नोकरीसाठी बेंगळुरूला निघणार होता. त्याआधी मिक्स संपवायचं होतं. कॉलेज सोडून गेलेल्या एका सीनिअरने त्याचा समिंग बॉक्स आमच्या हवाली केला होता. समिंग म्हणजे बेरीज. एरवी ड्रम्स, बास, गिटार, आवाज यांची बेरीज कॉम्प्युटर आकड्यांत करतो. इथे ते सगळं आठ वायरींतून व्होल्टेज म्हणून बाहेर काढायचं, बॉक्समध्ये खरोखर एकत्र करायचं आणि डावा-उजवा असं परत आत घ्यायचं.

बॉक्स पॅसिव्ह होता, म्हणजे आत फक्त रेझिस्टर. चार चॅनल डावीकडे, चार उजवीकडे. चार रेझिस्टर एका तारेवर आले की प्रत्येक सिग्नल एक चतुर्थांश होतो, म्हणजे 12 डीबी गेले. त्यात आमच्या जुन्या ऑडिओ इंटरफेसचं आउटपुट घरगुती पातळीचं, साधारण 0.316 व्होल्ट. बॉक्समधून निघेपर्यंत उरायचे 0.08. तेवढ्यावर माइकचा प्रीअ‍ॅम्प फुल करून ऐकलं, तर गाण्याच्या मागे पाऊस पडतोय असं वाटायचं. हिस्सऽऽ.

म्हणून सिग्नल बॉक्सच्या आधीच वाढवायचा. नंतर वाढवला की खरखरही सोबत वाढते, आधी वाढवला की ती मागे राहते. सगळं प्रोजेक्ट म्हणजे एवढी एकच गोष्ट आहे. आयसी घेतला एनई5532. हा सत्तरच्या दशकाच्या शेवटी आला आणि पुढे कितीतरी मोठ्या स्टुडिओ कन्सोलमध्ये बसला, तरी आजही विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतो. एका आयसीत दोन अ‍ॅम्प्लिफायर असतात. पहिला सिग्नल दुप्पट करतो, दुसरा त्याची उलटी कॉपी काढतो. दोन्ही तारांमधला फरक चौपट, साधारण 1.26 व्होल्ट. प्रोफेशनल पातळी 1.23 ची, म्हणजे नेम बरोबर बसला. बॉक्स चारने भागतो, आपण आधीच चारने गुणलं. शिवाय वाटेत केबलने उचललेला आवाज दोन्ही तारांवर सारखाच येतो आणि वजाबाकीत निघून जातो.

खरेदी बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत. 104 चे कपॅसिटर मागितले की काउंटरवरचे काका मान वरही न करता मूठभर टाकतात. रेझिस्टर मात्र एक टक्क्याचे, मेटल फिल्म. पाच टक्क्यांचे घेतले तर दोन चॅनलमध्ये अर्ध्या डीबीचाही फरक पडू शकतो आणि आवाज मधून जरा बाजूला सरकतो. मल्टिमीटर घेऊन त्यांच्या जोड्या लावण्यात आमचा एक अख्खा रविवार गेला. पत्रिका जुळवण्यासारखंच काम!

पहिल्यांदा स्विच टाकला तेव्हा फट्‌ करून फ्यूज उडाला. 7815 आणि 7915 हे व्होल्टेज रेग्युलेटर दिसायला जुळे, पण पायांचा क्रम वेगळा. तो आम्ही पाहिला होता. मागच्या पत्र्याचं मात्र विसरलो. 7815 चा पत्रा ग्राउंडला असतो, 7915 चा इनपुटला, म्हणजे थेट उणे वीसेक व्होल्टवर. आम्ही दोन्ही एकाच लोखंडी डब्याला स्क्रूने आवळले होते. मध्ये मायका घातला आणि फ्यूज टिकला. लांब केबल लावल्यावर आयसी तापायला लागले. स्कोपवर पाहिलं तर ते ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर स्वतःच गात बसले होते. प्रत्येक आउटपुटला 100 ओहमचा रेझिस्टर टाकल्यावर गप्प झाले.

आणि मग ती घूंऽऽ. आठही चॅनलवर, अखंड. केबल बदलल्या, ट्रान्सफॉर्मर फिरवून पाहिला, होस्टेलची ट्यूबलाइटही बंद केली. तीन रात्री गेल्या. चिडचिड एवढी की ड्रमर म्हणाला, “कॉम्प्युटरमध्येच मिक्स करू, कोणाला कळतंय?” शेवटी लॅबमधल्या काकांनी एकच प्रश्न विचारला, “पन्नासची की शंभरची?” लॅपटॉपवर स्पेक्ट्रम लावला तर 100 हर्ट्झवर उंच दांडा. पन्नासची असती तर ट्रान्सफॉर्मर किंवा ग्राउंड लूप बघायचा. शंभरची म्हणजे रेक्टिफायरनंतरची भानगड. मोठे कपॅसिटर चार्ज होतानाचा करंट आमच्या सिग्नलच्याच ग्राउंड तारेतून धावत होता. सगळी ग्राउंड सोडवली, प्रत्येकाची तार वेगळी एका बिंदूवर आणली. घूं गेली. काकांनी चहा तेवढा घेतला.

आता ड्रमरच्या प्रश्नाचं उत्तर. एकच गाणं दोन्ही पद्धतींनी मिक्स केलं, आवाजाची पातळी तंतोतंत सारखी केली (थोडं मोठं वाजणारं नेहमी चांगलंच वाटतं, तिथेच लोक फसतात) आणि नाव न सांगता मित्रांना ऐकवलं. खात्रीने कुणालाच ओळखता आलं नाही. मलाही नाही. ‘अ‍ॅनालॉगचा उबदारपणा’ वगैरे ऐकलं की आता मी गप्प बसतो. स्वच्छ सर्किट नीट बनवलं तर ते स्वतःचं काहीच घालत नाही, ते तसंच असायला हवं. तरी गाणी आम्ही बॉक्समधूनच मिक्स केली. गिटारवाला जायच्या आठवडाभर आधी चौथं संपलं.

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी हेडफोन मागितले. आठही चॅनल उघडे, व्हॉल्यूम बराच वर. गाणं लावायच्या आधी ते थोडा वेळ नुसतेच ऐकत बसले. मग हेडफोन एका कानावरून काढत म्हणाले, “चालू केलंय ना?”

मी पॅनलवरचा हिरवा एलईडी दाखवला.