युद्ध संपते, हिशेब संपत नाही

शाळेचा एक तास साधारणपणे चाळीस मिनिटांचा असतो. तास सुरू होताना बॉम्बनी भरलेले एक विमान आले आणि आपला सगळा भार टाकून निघून गेले, असे समजा. आठ मिनिटांनी दुसरे आले, आणखी आठ मिनिटांनी तिसरे. तास संपेपर्यंत पाच विमाने येऊन जातील. आता हेच दिवसा, रात्री, सुटीच्या दिवशीही, सलग नऊ वर्षे चालू राहिले तर?

विद्यार्थी मित्रांनो, ही कल्पित गोष्ट नाही. आग्नेय आशियातील लाओस या लहानशा देशावर १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकी विमानांनी बॉम्बफेकीसाठी सुमारे ५,८०,००० फेऱ्या केल्या. नऊ वर्षांची मिनिटे काढा आणि त्यांना या संख्येने भागा. उत्तर आठाहून किंचित जास्त येईल. या फेऱ्यांतून वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले गेले. त्या वेळी लाओसची लोकसंख्या होती तीस लाखांच्या आसपास. म्हणजे दर तीन माणसांमागे दोन टन!

असे का झाले? शेजारच्या व्हिएतनाममध्ये युद्ध पेटले होते. उत्तर व्हिएतनामच्या फौजांना रसद पोचवणारा हो चि मिन्ह मार्ग पूर्व लाओसच्या जंगलांतून जात होता. शिवाय लाओसमध्येही यादवी चालू होती. १९६२ च्या जिनिव्हा कराराने हा देश तटस्थ ठरला होता; पण कागदावरच.

न फुटलेले बॉम्ब

टाकलेल्या बॉम्बपैकी पुष्कळसे ‘क्लस्टर बॉम्ब’ होते. क्लस्टर म्हणजे घोस. अशा बॉम्बचे मोठे कवच हवेतच उघडते आणि त्यातून शेकडो छोटे बॉम्ब विखुरतात. लाओसचे लोक त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात. नेहमी सापडणारी बॉम्बी लहान मोसंबीएवढी, गोल असते.

तिची रचना पाहा. तिच्या पृष्ठभागावर उंचवटे असतात. खाली पडताना त्यांवर हवा आदळते आणि बॉम्बी गरगर फिरू लागते. गोफण फिरवताना दगड बाहेर ओढ घेतो, हे तुम्ही अनुभवले असेल. त्याच केंद्रोत्सारी प्रेरणेने बॉम्बीच्या आतील छोटी वजने बाहेर सरकतात आणि स्फोटाची कळ मोकळी होते. मग जमिनीवर आपटताच स्फोट होतो व आतल्या पोलादी गोळ्या चहूकडे उडतात.

पण प्रत्येक बॉम्बी पुरेशी फिरतेच असे नाही. काही झाडांत अडकतात, काही भातखाचराच्या मऊ चिखलात रुततात. त्यांचा स्फोट अर्धवट राहून जातो. लाओसवर सुमारे २७ कोटी बॉम्बी पडल्या आणि त्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत फुटल्या नाहीत, असा अंदाज आहे. म्हणजे जवळजवळ आठ कोटी बॉम्बी मातीत राहिल्या. आतले स्फोटक द्रव्य अनेक दशके टिकते. त्याला युद्ध थांबल्याची बातमी कळत नाही.

किंमत कोण देतो?

शेतकरी कुदळ मारतो आणि स्फोट होतो. थंडीत कोणी शेकोटी पेटवते आणि मातीखालची बॉम्बी तापून फुटते. मुलांना ती चेंडूसारखी दिसते. भंगार विकून चार पैसे मिळतील म्हणून कोणी ती उचलते. १९६४ ते २००८ या काळात लाओसमध्ये अशा अपघातांत आणि बॉम्बफेकीत मिळून सुमारे ५०,००० माणसे मेली किंवा जखमी झाली. त्यांपैकी २०,००० जणांवर हा प्रसंग युद्ध थांबल्यानंतर आला, आणि या वीस हजारांत मुलांचे प्रमाण फार मोठे आहे. यांतल्या कितीतरी मुलांचा युद्धाच्या वेळी जन्मही झालेला नव्हता.

जे घडले नाही, त्याचाही हिशेब करायला हवा. देशातील सुमारे एक-चतुर्थांश खेड्यांच्या परिसरात न फुटलेले बॉम्ब आहेत. तिथे नवे खाचर काढायचे, रस्ता करायचा किंवा शाळा बांधायची, तर आधी जमीन तपासावी लागते. तपासणी होईपर्यंत जमीन पडीक राहते. न पिकलेले भात कोणत्याच जमाखर्चात दिसत नाही.

वीतभर जमीन

जमीन साफ कशी करतात? प्रथम दोऱ्या बांधून अरुंद पट्टे आखतात. मग एकेका पट्ट्यावरून धातुशोधक यंत्र फिरवतात. त्याच्या वेटोळ्यातून सतत बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो. जवळ धातू असेल तर विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने त्या धातूतही प्रवाह निर्माण होतो. यंत्र तो ओळखते आणि आवाज करते. पण खिळा असो, डब्याचे झाकण असो की बॉम्बी, आवाज होतोच. म्हणून प्रत्येक आवाजाच्या जागी गुडघे टेकून, वरून नव्हे तर बाजूने, हलक्या हाताने माती काढावी लागते. बॉम्बी सापडली की माणसे दूर नेऊन ती जागच्या जागी उडवून देतात. या पथकांत लाओसच्या खेड्यांतील अनेक स्त्रियाही आहेत.

आता दोन जमाखर्च शेजारी मांडू. एका अंदाजानुसार, लाओसवरील बॉम्बफेकीचा खर्च २०१३ सालच्या किमतींत रोज सुमारे १ कोटी ३३ लाख डॉलर होता. २०१६ साली अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा लाओसला गेले. त्याआधीच्या वीस वर्षांत अमेरिकेने सफाईसाठी दिलेली मदत होती सुमारे १० कोटी डॉलर. भागाकार करा. वीस वर्षांची मदत म्हणजे बॉम्बफेकीचा साडेसात दिवसांचा खर्च! त्या भेटीत ओबामांनी पुढील तीन वर्षांसाठी आणखी ९ कोटी डॉलर जाहीर केले. म्हणजे आणखी एक आठवडा.

आणि तरीही या थोड्या पैशाने काय झाले पाहा. २००८ साली लाओसमध्ये सुमारे तीनशे जण अशा स्फोटांत सापडले होते. सफाई वाढली, शाळाशाळांतून मुलांना ‘दिसले तर हात लावू नका, मोठ्यांना सांगा’ हे शिकवले गेले, आणि पुढच्या दहा वर्षांत हा वार्षिक आकडा शंभराच्या बराच खाली आला. शांततेसाठी केलेला खर्च असा फळाला येतो. मात्र अजून साफ झालेली जमीन थोडीच आहे; काम उरले आहे ते अनेक दशकांचे.

क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २०१० साली अमलात आला. शंभराहून अधिक देश त्यात सामील आहेत. अमेरिका, रशिया, चीन आणि आपला भारत मात्र त्यात नाहीत. का नसावेत आणि असावेत का, यावर तुमच्या वर्गात जरूर चर्चा करा. दोन्ही बाजू मांडा. पण फळ्यावर खर्चाचे आकडे लिहाल, तेव्हा एक रकाना रिकामा सोडा. चेंडू समजून बॉम्बी उचलणाऱ्या मुलाच्या हाताची किंमत तिथे लिहायची आहे. ती कोणत्या एककात लिहाल?