सुटा भाग मिळतो, पण बसतोच असे नाही

फर्ड्या वक्त्याला 'मुलूखमैदान तोफ' म्हणण्याची पद्धत मराठीत जुनी आहे. ज्या तोफेवरून हा वाक्प्रचार रूढ झाला ती आज विजापूरच्या शेर्झा बुरुजावर असली, तरी तिचा जन्म नगरचा. निजामशाहीत १५४९ मध्ये महंमद बिन हसन रूमी या कारागिराने ती अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथे ओतली. सुमारे ५५ टन वजनाच्या या तोफेने पावणेपाचशे वर्षे ऊन-पाऊस सोसला आणि ती आजही जवळजवळ जशीच्या तशी आहे. त्याचे एक साधे कारण असे, की तिच्यात मोडण्याजोगा, हरवण्याजोगा असा सुटा भागच नाही.

तीनशे वर्षांनंतर त्याच काळ्या दारूवर चालणारे पण वेगळ्या जातीचे एक शस्त्र जगापुढे आले, ते म्हणजे टोपीचे रिव्हॉल्व्हर. त्यात घोडा, चाप, फिरता सिलिंडर, तो फिरवणारी पट्टी, योग्य जागी अडवणारी खुंटी, पात्यासारख्या स्प्रिंगा आणि टोपी बसवण्याचे निप्पल असे अनेक लहान भाग असतात. त्यातील नखाएवढी स्प्रिंग तुटली तरी सारे शस्त्र निकामी होते. अशा रिव्हॉल्व्हरच्या आधुनिक प्रतिकृती बाळगणाऱ्या जगभरच्या हौशी नेमबाजांपुढे आणि आजोबांचे जुने शस्त्र माळ्यावर सापडलेल्या आपल्याकडील कुटुंबांपुढे प्रश्न एकच उभा राहतो : मोडलेला भाग आणायचा कोठून?

अदलाबदलीचे स्वप्न

अमेरिकन कारखानदार सॅम्युअल कोल्ट याने १८५१ च्या लंडन येथील जागतिक प्रदर्शनात आपली रिव्हॉल्व्हरे मांडली, तेव्हा यंत्रावर घडवलेल्या भागांचे मोठे कौतुक झाले. १८५७ च्या उठावात अनेक इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्ट किंवा अॅडम्स बनावटीची रिव्हॉल्व्हरे होती. एका शस्त्राचा भाग दुसऱ्याला सहज बसावा, ही त्या काळातील मोठी औद्योगिक कल्पना. प्रत्यक्षात यंत्रातून निघालेल्या भागावर कारागिराची कानस फिरल्याशिवाय तो नीट बसत नसे. कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या अनेक भागांवर एकच क्रमांक ठोकलेला दिसतो, तो यासाठीच. एकमेकांशी जुळवलेले भाग दुसऱ्या शस्त्राच्या भागांत मिसळू नयेत, हा त्यामागचा हेतू होता.

अमेरिकेतील यादवी युद्धाची शताब्दी जवळ आली, तसे १९५० च्या दशकाच्या अखेरीस या रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती बनू लागल्या. त्यांचे मुख्य केंद्र इटलीतील ब्रेशिया आणि तिच्याजवळची गार्दोने ही शस्त्रकारागिरांची जुनी वसाहत. उबेर्ती, पिएत्ता ही तेथील परिचित नावे. काळ्या दारूच्या शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा १९७१ पासून होत असून, त्यांत मूळ शस्त्रे आणि प्रतिकृती यांचे गट वेगळे असतात.

नाव एक, माप वेगळे

प्रतिकृती आधुनिक यंत्रांवर बनते, तेव्हा तिचा सुटा भाग सहज मिळावा, असे कोणालाही वाटेल. अडचण नेमकी तेथेच आहे. '१८५१ नेव्ही' हे मॉडेलचे नाव झाले, मापाचे नव्हे. एका कारखान्याच्या नेव्हीची स्प्रिंग दुसऱ्याच्या नेव्हीला बसेलच असे नाही. मूळ अमेरिकन शस्त्रांचे आटे इंची मापाचे, तर इटालियन प्रतिकृतींचे बहुधा मेट्रिक. चुकीच्या आट्यांचे निप्पल जोर लावून बसवले, तर दहा रुपयांच्या वस्तूपायी हजारोंचा सिलिंडर वाया जावा, तशी गत होते. शिवाय नळीवर कोरलेले नाव पुष्कळदा ते शस्त्र विकणाऱ्या अमेरिकन आयातदाराचे असते. खरा कर्ता ओळखायचा, तर सांगाड्यावरची बारीक चिन्हे पाहावी लागतात. इटलीत शासकीय चाचणी झालेल्या शस्त्रावर वर्षाची खूणही ठोकली जाते. पूर्वी ती रोमन अंकांत असे. १९७५ पासून त्यासाठी अक्षरांची जोडी वापरली जाऊ लागली. कारखाना आणि साल या दोन गोष्टी कळल्याशिवाय भाग मागवणे म्हणजे अंधारात तीर मारणे होय.

योग्य भाग हाती आला, तरी काम संपत नाही. सिलिंडर फिरवणारी पट्टी किंचित लांब असली तर घोडा पूर्ण ओढला जात नाही. आखूड असली तर सिलिंडरची कोठी नळीच्या समोर नेमकी येत नाही आणि गोळीचे शिसे कडेला तासले जाऊन उडते. झिजलेले निप्पल किंवा सैल टोपी यांमुळे शेजारच्या कोठ्यांतील दारूही पेट घेऊ शकते. म्हणूनच परदेशात असे भाग विकले जातात, ते बहुधा 'जाणत्या कारागिराने घासून बसवावेत' या गृहीतावर. येथे भाग विकत मिळतो, त्याचे बसणे मात्र विकत मिळत नाही.

भारतात भाग हेच शस्त्र

आपल्याकडे या अडचणीला कायद्याची बाजू आहे आणि ती अधिक गंभीर आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही शस्त्रातच मोडतात. कलम ५ नुसार शस्त्र बनवणे, विकणे याप्रमाणेच दुरुस्त करण्याच्या व्यवसायालाही परवाना लागतो, तर कलम १० नुसार परदेशातून आणण्यासाठी वेगळा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ च्या भंगाला किमान सात वर्षे ते जन्मठेप इतकी शिक्षा आहे. ओळखीच्या लेथवाल्याकडून 'एवढी एक पिन करून घेऊ', हा विचार किती महागात पडू शकतो, हे यावरून ध्यानात यावे.

कलम ४५ मध्ये सूट आहे, पण तिची मर्यादा नीट समजून घ्यायला हवी. जुन्या घडणीचे, पुराणवस्तूचे मूल्य असलेले किंवा नादुरुस्त शस्त्र दुरुस्तीनंतरही वापरता येण्याजोगे नसेल, तरच ते कायद्याच्या बंधनातून सुटते. याचा अर्थ असा, की ज्या स्प्रिंगेमुळे शस्त्र पुन्हा चालू होईल, तीच स्प्रिंग त्याला परवान्याच्या कक्षेत ठेवते. हा निर्णय मालकाने स्वतःच्या मनाने घेण्यासारखा नाही. परवानाधारकाच्या निधनानंतर शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे, असे कलम २१ सांगते. पुढे वारसाला रीतसर अर्ज करता येतो. दुरुस्तीसाठी परदेशी पाठवण्याचा मार्गही बंदच म्हणावा लागेल. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुराणवस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला तिची निर्यात करता येत नाही.

मग मोडलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरचे करायचे काय? त्याचा परवाना किंवा दर्जा आधी निश्चित करून घ्यावा, गंज वाढू देऊ नये, चकाकी आणण्यासाठी घासूपुसू नये आणि मूळ भाग, मोडका असला तरी, फेकू नये. नवा भाग घालून चालू केलेल्या शस्त्रापेक्षा आपले मूळ क्रमांक जपलेले बंद शस्त्र संग्राहकाच्या आणि इतिहासाच्या दृष्टीने पुष्कळदा अधिक मोलाचे असते.

नगरच्या लष्करी हद्दीत १९९४ मध्ये उभारलेल्या रणगाडा संग्रहालयात देशोदेशींचे रणगाडे दाटीने उभे आहेत. त्यांपैकी एखादा आज धडाडेल, या अपेक्षेने तेथे कोणी जात नाही. मुलूखमैदान तोफही शतकानुशतके मूकच आहे, म्हणून तिची थोरवी उणावलेली नाही. घरातल्या जुन्या शस्त्रालाही हाच न्याय लावायला हरकत नाही.