‘दृष्टांतपाठा’तील हत्ती आणि जीवाच्या ज्ञानाची मर्यादा

मानवी बुद्धीची मर्यादा मान्य करणे म्हणजे विचाराला रजा देणे, असा समज भक्तिसाहित्याच्या अध्यापनात अनेकदा आढळतो. केसोबासांनी संकलित केलेल्या ‘दृष्टांतपाठा’तील हत्तीच्या दृष्टांताच्या आधारे या समजाची तपासणी करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी या ग्रंथाची त्रिपदरी रचना आहे. सूत्र व दृष्टांत चक्रधरांचे. त्यांची सांगड घालणारे दार्ष्टांतिक केसोबासांचे. हत्तीचा दृष्टांत सर्वपरिचित आहे. जन्मांध माणसे हत्ती चाचपतात. पाय हाती आलेला त्याला खांब म्हणतो, कान हाती आलेला सूप म्हणतो. तुमसरसारख्या धानाच्या मुलखातील विद्यार्थ्याला सुपाची उपमा वेगळी समजावून द्यावी लागत नाही. अडचण येते ती अर्थाच्या ठिकाणी.

ही कथा पाली ‘उदाना’त आहे, तेथे ती मतवाद्यांच्या कलहाचे दर्शन घडवते. जैन परंपरेत ती अनेकांतवादाचे उदाहरण ठरते. वर्गात आपण बहुधा हाच अर्थ सांगतो : प्रत्येकाचे थोडे थोडे खरे. परंतु महानुभाव दृष्टांतात डोळसालाही स्थान आहे. हे सारे एकाच हत्तीचे अवयव होत, हे त्याला दिसते. अंधांची सर्व मते एकत्र केली तरी खांब आणि सूप यांची बेरीजच हाती येईल; तिचा हत्ती होणार नाही. उणीव माहितीची नसून दृष्टीची आहे.

या भूमिकेचे मूळ महानुभाव तत्त्वज्ञानात आहे. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ तेथे भिन्न मानलेले आहेत. जीव अनादी अविद्येने बद्ध असल्याने स्वसामर्थ्यावर परमेश्वराला जाणू शकत नाही. ते ज्ञान परमेश्वराकडूनच लाभते. येथे विश्वास हा ज्ञानाचा पर्याय ठरत नाही, तो ज्ञान स्वीकारण्याची पूर्वअट ठरतो.

मग जीवाने स्वस्थ बसावे काय? याचे उत्तर म्हाइंभटांच्या चरित्रात सापडते. विद्येचा अभिमान बाळगून वादासाठी आलेला हा पंडित चक्रधरांपुढे निरुत्तर झाला आणि पुढे त्यांचा अनुयायी बनला. त्याने बुद्धी टाकून दिली नाही. चक्रधरांच्या प्रयाणानंतर, इ. स. १२७८ च्या सुमारास, त्याने ‘लीळाचरित्रा’साठी प्रत्यक्षदर्शींना गाठून आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या. आपल्या एकट्याच्या जाणण्यावर विसंबता येत नाही, ही जाणीव आणि ही पडताळणी यांचा संबंध लक्षात घेण्याजोगा आहे.

या भूमिकेपुढे एक प्रश्न मात्र उरतो. डोळस कोण, हे अंधाने कसे ओळखावे? संप्रदायाच्या दृष्टीने ईश्वरावताराचे सन्निधान हे त्याचे उत्तर आहे. संप्रदायाबाहेरील वाचकाला ते पुरेसे वाटेलच असे नाही. तथापि, दृष्टांताला सर्वमतसमभावाचे सोपे रूप दिल्यास हा प्रश्नच नाहीसा होतो, आणि त्याबरोबर चक्रधरांच्या विचारातील कठोरपणाही. अध्यापकाने निदान तो प्रश्न विद्यार्थ्यांपुढे जिवंत ठेवावा.