मास्तरीणबाईंचा संताप

दिवाळीची सुटी लागली की आमच्या घरी भावंडांचा अड्डा जमतो. पूर्वी पत्ते, कॅरम आणि फार झाले तर बुद्धिबळ, एवढ्यावर भागत असे. अलीकडे मात्र सतरंजीवर वहया, पेन्सिली, चिवड्याची परात आणि वीस पैलूंचा एक विलक्षण फासा यांचे राज्य असते. गेल्या दिवाळीत या राज्यात बंडाळी माजली आणि निवाड्यासाठी दोन्ही पक्ष माझ्या खुर्चीपाशी येऊन उभे राहिले.

"मामा, दादा मला खेळूच देत नाही!" भाची म्हणाली.

"काका, मी खेळू देतोय. पण काही नियम आहेत की नाहीत?" पुतण्या म्हणाला.

माझा अधिकार एवढाच, की मी कॉलेजात मराठी शिकवतो आणि घरच्यांच्या समजुतीप्रमाणे पात्रे, कथानके वगैरे गोष्टी माझ्या खात्यात येतात. तेव्हा आधी खेळ समजून घेणे भाग पडले.

खेळाचे नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. यात पट नसला तरी चालतो. एकजण सूत्रधार होतो आणि अद्भुत जगाचे वर्णन करतो. बाकीचे त्या जगातले एकेक पात्र होऊन आपण काय करतो ते सांगतात. आणि ते साधले की फसले, हे फासा ठरवतो. प्रत्येक पात्राला एक क्लास असतो. आपण त्याला पेशा म्हणू. मुळात पेशे तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक. पुढे त्यांत चोर, वनरक्षक, व्रतस्थ योद्धा अशी भर पडत गेली. ज्याचा जो पेशा, त्याच्या अंगी त्या पेशाची सामर्थ्ये.

भाचीला हवा होता बार्बेरियनचा, म्हणजे रानटी योद्ध्याचा पेशा. या पेशाची खासियत म्हणजे संताप. एकदा तो चढला की घाव अधिक जोराने बसतो आणि अंगावर झालेल्या वारांची इजा निम्मी होते. पण तो काही वेळच टिकतो, आणि त्या अवस्थेत मंत्र म्हणता येत नाही. इथवर सारे ठीक होते. पण भाचीचे पात्र होते एका खेड्यातल्या शाळेच्या मास्तरीणबाईंचे! नऊवारी नेसलेल्या, हळू बोलणाऱ्या, शाईचे डाग पडलेल्या बोटांच्या. आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. परंतु शाळेतल्या पोराला कोणी हात लावला, की बाई लाकडे फोडायची कुऱ्हाड उचलतात आणि मग गावाला त्या ओळखू येत नाहीत.

"रानटी म्हणजे टोळीत वाढलेला, कातडी पांघरणारा," पुतण्याने ग्रंथ उघडून दाखवला. "मास्तरीण व्हायचंय तर लढवय्या हो."

"पण लढवय्याला संताप नसतो ना, दादा!"

मुलगी स्वभावाने अबोल. चार माणसांत तोंड उघडायचे म्हणजे तिच्यावर संकट. आज प्रथमच ती आपणहून काही मागत होती, आणि नाही म्हटले तर ती भांडणार नव्हती. मुकाट्याने आतल्या खोलीत जाऊन बसणार होती. हे मला दिसत होते. पण केवळ भाचीची दया येते म्हणून निकाल देणे न्यायाचे नव्हे. म्हणून ग्रंथ मागून घेतला.

वाचता वाचता ध्यानात आले की या ग्रंथात दोन प्रकारचा मजकूर आहे. एक नियमांचा: संताप किती वेळा येतो, किती टिकतो, त्याने काय साधते. दुसरा वर्णनाचा: रानटी माणूस कुठे राहतो, शहरात गुदमरतो कसा, इत्यादी. खेळणारे या दुसऱ्या मजकुराला फ्लेवर, म्हणजे चव किंवा स्वाद म्हणतात. भांडण एवढेच, की या स्वादाने पात्राच्या कल्पनेला बांधून घालावे की नाही?

पूर्वीच्या ग्रंथकारांनी ते खुशाल बांधले होते. २००० सालच्या आवृत्तीत रानटी योद्ध्याला लिहितावाचता येत नाही, असा नियमच होता. ती विद्या त्याला आपल्या कौशल्याच्या वाट्यातून वेगळी कमवावी लागे. म्हणजे आमच्या मास्तरीणबाईंची नोकरी पहिल्याच दिवशी गेली असती! १९७८ सालच्या ग्रंथात व्रतस्थ योद्धा, ज्याला ते पॅलाडिन म्हणतात, तो फक्त मनुष्यजातीचाच असू शकत होता आणि सदाचरणीच असावा लागे. जाणूनबुजून एक पापकृत्य केले की त्याची सारी दिव्य शक्ती कायमची जाई. बुटक्यांच्या जातीला तर जादूगार होण्याची मनाईच होती. पुढे ही कुंपणे एकेक करून पडली. २००० साली कोणत्याही जातीला कोणताही पेशा खुला झाला. २००८ साली पॅलाडिनची सदाचरणाची सक्ती गेली. २०१४ च्या ग्रंथात वनपूजक ड्रुइड धातूचे चिलखत घालत नाहीत असे लिहिलेले होते. घातलेच तर काय होते, हे मात्र लिहिले नव्हते. २०२४ च्या ग्रंथात ते वाक्यही राहिले नाही.

परंतु नियम बदलले म्हणून तेच बरोबर, असे नाही. मला खरा उलगडा झाला तो हे पेशे जन्मले कसे हे वाचल्यावर. आर्नेसनच्या खेळात एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू पिशाच्च बनले आणि कोणालाच आवरेना. त्याला शह द्यायला सिनेमातल्या पिशाच्चमर्दनाच्या धर्तीवर एक नवे पात्र काढले. त्यातून धर्मोपदेशकाचा पेशा निघाला. १९७५ साली आलेला वनरक्षक तर उघडउघड टोल्किनच्या आरागॉर्नवरून बेतलेला. म्हणजे पाहा, आज ज्याला पेशाचा स्वाद म्हणून मान द्यायचा, ती मुळात कुणा एका माणसाची लहर होती, त्या मास्तरीणबाईंसारखीच! एकाची कल्पना छापली गेली म्हणून दुसऱ्याच्या कल्पनेवर तिने पहारा का करावा?

आपल्याकडचे उदाहरण हवे तर शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला शर्विलक घ्या. पेशाने चोर, जन्माने ब्राह्मण. मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी तो चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो, तीही शास्त्र आठवून, भगदाडाचा आकार ठरवून. आणि मापाची दोरी घरी विसरली म्हणून जानव्याने माप घेतो! वर्गात या प्रवेशाला मुले दरवर्षी हसतात. चोर म्हणजे अमुकच, असे शूद्रकाने मानले असते तर हे हसू आपल्याला मिळाले नसते.

हे सारे मी मोठ्या ऐटीत सांगितले. भाचीचा चेहरा उजळला. पण पुतण्याही काही कच्चा नव्हता.

"काका, मग उद्या कोणीही म्हणेल, मला पॅलाडिनची शक्ती हवी, पण शपथ नको. मांत्रिकाने पिशाच्चाशी करार करून विद्या मिळवायची, आणि म्हणायचं, करार हा नुसता स्वाद आहे. मग पेशा म्हणजे बेरीज-वजाबाकीच उरली की!"

याला माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. पोराच्या म्हणण्यात तथ्य होते. शपथ मोडण्याचे भय आहे म्हणून तर पॅलाडिनच्या गोष्टीत जीव आहे. शिवाय जग एकट्याचे नाही. पाचजण मिळून जे जग उभे करतात, त्यात एकाने वाटेल ते घुसडले तर बाकीच्या चौघांचा विश्वास उडतो.

विचार करता करता मला वाटले, स्वाद म्हणून जे लिहिले आहे त्याचेही दोन भाग पाडले पाहिजेत. एक पोशाख, दुसरे ऋण. कातडी, टोळी, जंगल हा पोशाख झाला. तो खुशाल बदलावा. परंतु शक्तीच्या बदल्यात पात्र जे देणे लागते, ते ऋण. ते नुसते पुसून टाकता येणार नाही. शपथ नको असेल तर तितकीच जड दुसरी गोष्ट खांद्यावर घ्यावी. जे पात्र कुणाचेच काही देणे लागत नाही, त्याची गोष्ट कोण ऐकणार?

हे दोघांनाही पटलेसे दिसले. पुतण्या भाचीकडे वळला आणि जरा मऊ आवाजात म्हणाला, "बरं, बाई संतापल्या तर त्यांना काय भोगावं लागेल?"

ती बराच वेळ फासा हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, "पोरं त्यांना घाबरायला लागतील."

फराळ झाल्यावर खेळ सुरू झाला. मी पेपर वाचण्याचे निमित्त करून ऐकत बसलो. तासाभरात दरोडेखोर शाळेत शिरले, एका पोराला ओढून नेऊ लागले, आणि बाईंनी कुऱ्हाड उचलली. आमची अबोल भाची गुडघ्यांवर उभी राहून असे काही बोलली की स्वयंपाकघरातून माझी बहीण बाहेर डोकावली. दरोडेखोर पळाले. पोरगा वाचला.

"बाई हात पुढे करतात," भाची म्हणाली.

पुतण्या क्षणभर थांबला. "पोरगा मागे सरकतो," तो म्हणाला.

सतरंजीवर कुणी काही बोलेना. थोड्या वेळाने भाचीने हळूच विचारले, "दादा, उद्या शाळा भरेल का?"

पुतण्याने सवयीने ग्रंथ पुढे ओढला, दोन पाने उलटली आणि मिटून बाजूला ठेवला.