चिकाचं कुळ (लेखांक ९) : तिरुकळ्ळीतला ‘ळ’

आज युफोर्बियाच्या फुलोऱ्याचा पेला उघडून दाखवायचं ठरलं होतं. तो आता पुढच्या रविवारी. कारण रत्नागिरीहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न चार दिवस माझा पिच्छा सोडत नाही. त्या लिहितात, ‘युफोर्बिया हे नाव राजा जुबाचा वैद्य युफोर्बस याच्यावरून आलं, हे समजलं. पण आमच्या परड्याच्या कुंपणाला जो शेर आहे, त्याला पुस्तकात युफोर्बिया तिरुकल्ली म्हटलंय. हे तिरुकल्ली कोण? कुणी इटालियन साहेब का?’

ताई, साहेब नाहीत. नाव आपल्या शेजारचं, मलबारचं आहे. आणि शेवटी ‘ल्ली’ नाही, ‘ळ्ळी’ आहे. तिरुकळ्ळी. लॅटिनला ‘ळ’ नाही, म्हणून तो छापताना गळला. आपल्या जिभेला तो येतो, तेव्हा आपण तरी नाव नीट उच्चारावं.

मल्याळम आणि तमिळमध्ये कळ्ळी म्हणजे चीक निघणारं, निवडुंगासारखं झाड. ‘तिरु’बद्दल दोन मतं आहेत. कुणी म्हणतात श्री, पवित्र. कुणी म्हणतात पीळ पडलेला. तमिळमध्ये याच झाडाला तिरुगुकळ्ळी असंही म्हणतात आणि तिरुगु म्हणजे पिळणं, म्हणून माझं मत पिळाकडे झुकतं.

हे नाव युरोपात गेलं ते ‘होर्टुस मलाबारिकुस’मधून. कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रीड यानं करवून घेतलेला हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. मल्याळी नावं आणि औषधी गुण सांगितले ते इट्टी अच्युतन या वैद्यानं. त्याच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीनचे तीन कोकणी वैद्य होते. त्यांनी १६७५ साली दिलेली साक्ष पहिल्या खंडात कोकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेली आहे. ते पान मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटवलं नाही. वनस्पतिशास्त्राच्या पायाभूत ग्रंथात आपली लिपी, तीही सतराव्या शतकात!

दुसऱ्या खंडात एकापाठोपाठ तीन चित्रं येतात : शदिदा-कळ्ळी, एल-कळ्ळी, तिरु-कळ्ळी. पहिली म्हणजे आपला त्रिधारी निवडुंग. दुसरीतलं ‘एल’ म्हणजे पान. पानं असलेली कळ्ळी. तिसरा आपला शेर, जवळजवळ बिनपानांचा, नुसत्या हिरव्या कांड्यांचा. हे तिघं दिसायला किती वेगळे! तरी वैद्यांनी त्यांना एकच आडनाव दिलं, कारण कांडी मोडली की तिघांतून सारखाच पांढरा चीक येतो. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली प्रजातीचं एक आणि जातीचं एक अशी दुहेरी नावं रूढ केली. मलबारच्या वैद्यांच्या तोंडी तीच रचना त्याआधी पाऊणशे वर्षं होती.

लिनियसला प्रजातीच्या नावात ग्रीक-लॅटिनबाहेरचे शब्द खपत नसत. त्यामुळे ‘कळ्ळी’ ही प्रजाती होणं शक्यच नव्हतं. जातीच्या नावाबाबत तो सैल होता आणि तेवढ्या फटीतून तिरुकळ्ळी आत आली.

आपण मराठीत काय केलं? निवडुंग हे आडनाव काट्यांवरून वाटलं. त्यामुळे त्रिधारी आणि फड्या एका घरात आले. फड्या निवडुंग तर अमेरिकेतून आलेला कॅक्टस. त्याचा फडा तोडा, दुधी चीक येत नाही. आणि शेर, जो त्रिधारीचा खरा भाऊ, तो काटे नाहीत म्हणून बाहेर राहिला. मात्र नंतर तमिळनंही फड्याला सप्पात्तिकळ्ळी म्हटलंच. परदेशी पाहुण्यानं दोघांनाही चकवलं.

आणखी एक गंमत. शेर मुळातला आफ्रिकेचा, कुंपणासाठी लावता लावता आपल्याकडे पसरला. पण जातीचं नाव कोणत्या झाडाचं याचा अधिकृत पुरावा, ज्याला टाइप म्हणतात, तो आहे रीडच्या ग्रंथातलं ते मलबारचं चित्र. आफ्रिकेतल्या शेराची ओळख पटवायलाही त्याच पानाकडे यावं लागतं.

वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात शेराला, त्रिधारीला, फड्याला काय म्हणतात ते कळवा. जसं बोलता तसंच लिहा, शुद्ध करू नका. आणि चीक पाहायला कांडी मोडलीत तर डोळ्यांपासून लांब धरा, हात लगेच साबणानं धुवा. तो चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.